गुंडोरावांचा सैल अंगठा

माझे सासरे गुंडोराव रोज सकाळी पावणेसहाला बेंगळूरात येलहंकाच्या आमच्या बागेत तीस-पस्तीस माणसांना नाक धरायला शिकवतात. अकरा वर्षं झाली. सुट्टी घेत नाहीत, आणि कोणी उशिरा आलं तर त्याच्याकडं असं बघतात की तो माणूस दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच येऊन बसतो. बागेत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, घरी आम्ही अण्णा म्हणतो. चौतीस वर्षं ज्या कारखान्यात नोकरी केली तिथं मात्र त्यांना कोणी काहीच म्हणत नसे. ते स्टोअरच्या खिडकीमागं बसत आणि लोक खिडकीतून नुसता हात आत घालत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यासह सहा जण एकदम निवृत्त झाले आणि सत्काराला म्हैसुरी पेटा एकच आणला होता. डोक्यावर पेटा, फोटो, पेटा काढा, पुढचा माणूस. अण्णा चौथे होते. पेटा सगळ्यात मोठ्या डोक्याच्या मापाचा असल्यामुळं फोटोत तो त्यांच्या कानांवर उतरलाय आणि डोळे मिटलेले आहेत. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, तो फोटो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. सांगायचा मुद्दा हा की बागेतलं 'गुरुजी' अण्णांना जिवापाड प्रिय आहे. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं ते निवृत्तीनंतर.

मी पुण्याची, स्वभावानं तापट. लग्न होऊन इथं आले आणि येलहंका ते मारतहळ्ळी असा रोजचा प्रवास गळ्यात पडला. ज्यांनी तो केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चार वर्षांपूर्वी एकदा हेब्बाळच्या पुलावर गाडी पाऊण तास जागची हलेना, फोनवर साहेब ओरडत होता, आणि माझी छाती अशी आवळली की वाटलं, संपलं सगळं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, मन शांत ठेवा. त्याप्रमाणे मी इंदिरानगरला एका मोठ्या नावाच्या वर्गात गेले. तिथं सुगंधी मेणबत्त्या होत्या, गाद्या होत्या, आणि एक सडपातळ बाई होत्या ज्यांनी मला एक नाकपुडी घट्ट दाबून दुसरीनं श्वास घ्यायला लावलं. माझा जीव असा घुसमटला की मी गादी तिथंच टाकून पळाले.

घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ये, बस इथं," ते म्हणाले. "अंगठा उजवीकडं ठेव. दाबू नको, नुसता टेकव. नाक म्हणजे काय दाराची कडी आहे काय, लावून सोडायला? आता चार मोजत आत घे. आठ मोजत बाहेर सोड. घाई नाही. स्वल्प स्वल्प."

मी अंगठा टेकवला, करंगळीजवळचं बोट दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि श्वास आत आला. सहज आला. पंधरा दिवसांत माझी छाती आवळायची थांबली. तेव्हापासून मी गाडीत बसल्या बसल्या नाक धरते. एकदा टॅक्सीवाल्यानं आरशातून बघून विचारलं, "मॅडम, गाडीत वास येतोय का?" मी त्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं, कारण मी आठपैकी सहावर होते.

हा सैल अंगठा म्हणजे अण्णांची खासियत. दुसऱ्या कुठल्याही वर्गात असं शिकवत नाहीत. आमच्या बागेचे सेक्रेटरी नागराज हे हवाई दलातून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळं शास्त्रीय लागतं त्यांना. त्यांनी 'गुंडोराव पद्धत' या नावाचं एक पत्रक छापून घेतलं. त्यात अंगठा आणि नाकपुडी यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट असावी असं लिहिलंय, आकृतीसकट. नवीन माणूस आला की नागराज खिशातून कार्ड काढून त्याच्या नाकाशी सरकवून बघतात.

यंदाच्या जानेवारीत आमच्या गल्लीत डॉक्टर सुप्रीता राहायला आली. निपाणीकडची, मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड बोलणारी, कान-नाक-घशाची डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी ती बागेत येऊन बसली. वर्ग संपल्यावर अण्णांना नमस्कार करून म्हणाली, "गुरुजी, छान वाटलं. तुमचा अंगठा मात्र वेगळाच असतो हं."

एवढंच. पण अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन त्यांनी कॉफी अर्धी टाकली. माझ्या आठवणीत त्यांनी कॉफी कधी टाकली नव्हती.

चार दिवसांनी सकाळी न्हाणीघरातून कोणीतरी बुडतंय असे आवाज यायला लागले. मी दार ढकललं. अण्णा मोरीवर वाकून उभे होते, हातात तोटीचा लोटा, तोटी उजव्या नाकपुडीत. जलनेती. या क्रियेत एका नाकपुडीतून ओतलेलं मिठाचं पाणी दुसरीतून खाली येतं. अण्णांचं पाणी तोंडातून येत होतं, दाढीवरून गळत होतं, डोळे लाल झाले होते. डावीकडून एक थेंब नाही.

"अण्णा, डावीकडून का येत नाही?"

"येईल," अण्णा खोकत म्हणाले. "उशिरा येईल."

"किती उशिरा?"

अण्णांनी लोटा खाली ठेवला, पंचानं तोंड पुसलं आणि दाराकडं बघितलं. अक्का जवळपास नाहीत याची खात्री झाल्यावर हळूच म्हणाले, "अठ्ठावन्न वर्षं झाली. आलं नाही अजून."

मग सगळं बाहेर पडलं. त्यांची मुंज अकराव्या वर्षी झाली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुलानं फेकलेली बुगुरी, म्हणजे आपला भोवरा, आरीसकट त्यांच्या नाकावर बसली. रक्त आलं, आजीनं हळद चेपली, वरून जखम बरी झाली. आत मात्र डावी बाजू कायमची मिटली. पंचाईत अशी की त्यांचे वडील, अप्पा, शाळेत संस्कृत शिकवत आणि रोज सकाळी मुलाची संध्या स्वतः समोर बसून करून घेत. प्राणायाम चुकला की हातातली पळी बोटांवर बसे.

"मग सांगायचं ना त्यांना, नाक बंद आहे म्हणून," मी म्हणाले.

"कसं सांगू? त्याच्या आदल्या आठवड्यात संध्या चुकवायला पोट दुखतं म्हणून सांगितलं होतं. त्याच्या आधी पाय. आता नाक म्हणून सांगितलं तर पळी मोडेपर्यंत मारले असते. म्हणून मी अंगठा स्वल्प वर उचलला. हवा उजवीकडूनच आत, उजवीकडूनच बाहेर. अप्पा बोटांकडं बघायचे. हवा कुठं दिसते त्यांना?"

माझं डोकंच फिरलं. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "म्हणजे अण्णा, मी चार वर्षं जे करतेय, ते नक्की काय आहे? प्राणायामच आहे ना तो?"

अण्णांनी लोट्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतून टाकलं.

"खरं सांगू? ती अप्पांची भीती आहे."

मी त्या दिवशी ऑफिसात तिघांवर ओरडले. पस्तीस माणसं, अकरा वर्षं, पत्रक, आकृती, व्हिजिटिंग कार्ड, आणि हे सगळं कशावर उभं, तर एका मुलानं मार चुकवण्यावर! संध्याकाळी रिंग रोडवर नेहमीप्रमाणे गाडी अडकली, साहेबांचा फोन आला, छातीत बारीकशी कळ उठली आणि माझा हात आपोआप नाकाशी गेला. अंगठा सैल. पाच मिनिटांत मी शांत. याचा मला आणखीच राग आला.

घरी अक्का अवरेचे, म्हणजे आपल्या पावट्याचे, भिजवलेले दाणे बोटांत दाबून सालातून पट्कन बाहेर काढत बसल्या होत्या. जानेवारीत आमच्याकडं दुसरं काही शिजत नाही. मी शेजारी बसले आणि आडून आडून विषय काढला.

"डावं नाक ना?" अक्का दाणा उडवत म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली एकाच बाजूनं घोरतात. मला कळणार नाही काय?"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"त्यांना वाटतं मला माहीत नाही. असू दे की. माणसाला एवढं एक तरी लपवायला नको काय घरात?"

मीही दाणे सोलायला लागले.

हे सगळं घरातल्या घरात राहिलंही असतं. पण रथसप्तमी आली. आमच्या बागेत त्या दिवशी एकशे आठ सूर्यनमस्कार असतात, आणि यंदा नागराजांनी त्याला दोन गोष्टी जोडल्या. एक, गुरुजींचा सपत्नीक सत्कार, शाल, फळांची करंडी आणि पेटा. दोन, एक शास्त्रीय प्रयोग. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की थंड स्टीलचं ताट नाकाखाली धरलं की श्वासाच्या वाफेचे दोन डाग उमटतात, एकेका नाकपुडीचा एक. नाक बंद असेल तर त्या बाजूला डाग पडत नाही.

"डॉक्टर आहेत, ताट आहे," नागराज वर्गात म्हणाले. लोहगावला नऊ वर्षं काढल्यामुळं त्यांना मराठी येतं, फक्त व्याकरण ते विमानातून उडी मारल्यासारखं वापरतात. "सगळ्यांचा नाक बघायचा. अकरा वर्षाचा प्राणायाम काय केला, प्रूफ मिळते. फर्स्ट गुरुजी!"

सुप्रीता घाईनं म्हणाली, "सर, राहू द्या ना, सूर्यनमस्कारालाच वेळ पुरणार नाही." पण नागराजांना प्रूफ हवं होतं.

अण्णा घरी येऊन खुर्चीत बसले ते उठेचनात. "शलाका, ताप आला म्हणून सांगू काय?"

"आणि सत्कार?"

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पेटा माझ्या मापाचा आणलाय म्हणे. नागराजनं दोरीनं डोकं मोजून नेलं." एवढं बोलून ते उठले आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायला लागले. मी म्हटलं, डॉक्टरलाच विश्वासात घेऊ, चांगली मुलगी आहे. त्यांनी हात जोडले. तिला कळलं की सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना कळलं की उद्यापासून बागेत कोण बसणार? पाच दिवस त्यांनी ओवा हुंगला, निलगिरीची वाफ घेतली, गरम तूप सोडलं. डावी नाकपुडी अप्पांसारखीच कडक निघाली. नाकाचा शेंडा तेवढा लालबुंद झाला.

मला त्यांचा राग होताच. पण रागापेक्षा जास्त कीव येत होती आणि किवेपेक्षा जास्त माया. पुन्हा खिडकीमागं जाऊन बसायला लागेल या भीतीनं एकोणसत्तर वर्षांचा माणूस नाकात तूप सोडत होता. मी ठरवलं, यांना वाचवायचं. युक्ती सोपी होती. थंड ताटावरच वाफ धरते. ऊन चढलं आणि ताट तापलं की डाग उमटायचे बंद. म्हणजे अण्णांची पाळी येईपर्यंत वेळ काढायचा.

रथसप्तमीला सकाळी बागेत चांगली थंडी होती. गवत दवानं भिजलेलं. सत्कार आधी झाला. पेटा अण्णांच्या डोक्यावर अगदी बरोबर बसला. शाल पडली, करंडी मिळाली, धर्मावरमची साडी नेसलेल्या अक्का शेजारी उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजल्या. अण्णांचे डोळे सताड उघडे होते आणि ते सारखे नागराजांच्या हातातल्या ताटाकडं बघत होते.

"फर्स्ट गुरुजी!" नागराज म्हणाले.

"गुरुजी शेवटी," मी ओरडले आणि ताट त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलं. "आधी शिष्य. मी पहिली."

सुप्रीतानं ताट माझ्या नाकाखाली धरलं. मी मुद्दाम सावकाश श्वास सोडला. ती ताटाकडं बघत राहिली, मग मला दाखवलं. डाग एकच होता, उजवीकडं.

"तुला ॲलर्जी आहे का गं?"

"सकाळी पंधरा-सोळा शिंका येतात. बेंगळूरला आल्यापासून."

"तुझी डावी बाजू जवळजवळ बंद आहे," ती म्हणाली.

मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. नागराज "बाजूला, बाजूला" करत पुढं आले. त्यांचाही डाग एकच, तोही एवढासा. मग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या बायकोचा एक. बँकेतले रविकिरण, एक. वेळ काढायची मला गरजच पडली नाही, कारण प्रत्येक जण ताट पुसून पुन्हा बघायला मागत होता. चौतीस माणसांपैकी एकवीस जणांची एक नाकपुडी कामातून गेलेली निघाली.

सुप्रीता हसायलाच लागली. "या गावाची हवा, धूळ, फुलांचे पराग, नाकं तर सगळ्यांचीच धरतात. पण एवढी सगळी एकाच बागेत कशी जमली?"

तेव्हा एकेक जण बोलायला लागला. रविकिरण आधी दुसरीकडं जायचे, तिथं नाक दाबलं की गुदमरायचे. औषधवाल्याच्या बायकोला तिसऱ्या दिवशी चक्कर आली होती. मला माझी इंदिरानगरची गादी आठवली. जिथं जिथं घट्ट दाबायला लावलं तिथून तिथून ही माणसं पळाली होती, आणि इथं अंगठा सैल म्हणून टिकली होती. आपलं नाक बंद आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, गुंडोराव पद्धतच भारी आहे.

एव्हाना ऊन ताटावर आलं होतं. सुप्रीतानं ताटाला हात लावला, अण्णांकडं एकदा बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ताट तापलं. आता काही उमटायचं नाही. गुरुजींचं राहू दे." तिची नजर बघून मला कळलं की हिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नाकाची डॉक्टर ती, अण्णांच्या बोलण्यावरूनच तिनं ओळखलं असणार. मी सुटकेचा निःश्वास टाकला, अर्थात एकाच बाजूनं.

नागराज ताट पिशवीत घालायला लागले. अण्णा वाचले होते. पेटा डोक्यावर होता, सगळं जिथल्या तिथं होतं, आता नुसतं गप्प बसायचं होतं.

आणि अण्णा पुढं झाले. त्यांनी नागराजांच्या हातातून ताट घेतलं, खाली वाकून ते सावलीतल्या ओल्या गवतावर दोनदा फिरवलं, शालीनं पुसलं, आणि स्वतःच नाकाखाली धरून श्वास सोडला. मग ताट सगळ्यांकडं वळवलं. उजवीकडं एक डाग.

"मुंजीनंतर बंद झालं," ते म्हणाले. "अंगठ्यात काही शास्त्र नाही. वडील मारतील म्हणून मी उचलून धरायचो. तेच तुम्हाला शिकवलं. अकरा वर्षं फसवून सोडलं मी तुम्हाला." त्यांनी डोक्यावरचा पेटा काढला आणि नागराजांसमोर धरला.

नागराजांनी पेटा हातात घेतला, उलटा सुलटा करून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर मोठी खळबळ चालली होती, कारण पत्रकाच्या पाचशे प्रती त्यांच्या घरी पडून होत्या.

"गुरुजी," ते अखेर म्हणाले, "मी सहा ठिकाणी योगा केला. सहा ठिकाणी पळाला. तुमचा नाक चांगला असता तर सातव्या ठिकाणी पण पळाला असता. बीपी घेऊन मेला असता मी." आणि त्यांनी पेटा पुन्हा अण्णांच्या डोक्यावर ठेवला, सैनिकासारखा, दोन्ही हातांनी दाबून. "सरी? आता कुत्कोळ्ळी."

सरी म्हणजे ठीक आहे, कुत्कोळ्ळी म्हणजे बसा. पण अण्णांना बसताही येईना. ते उभ्या उभ्या रडायला लागले, आणि बंद नाकाचा माणूस रडायला लागला की त्याची फार पंचाईत होते. श्वास अडकून ते तोंडानं हवा ओढायला लागले. चार आत नाही, आठ बाहेर नाही, कसली मोजणी नाही. सुप्रीता रुमाल शोधत होती, मी पर्स उलटी केली.

अक्का आमच्या दोघींच्या मधून पुढं आल्या. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी नवऱ्याला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी धर्मावरमचा जरीचा पदर अण्णांच्या नाकाला लावला.

"शिंकरा," त्या म्हणाल्या. "उजवीकडूनच शिंकरा. मला माहीत आहे."

अण्णांनी शिंकरलं. मग सुप्रीतानं सगळ्यांना रांगेत उभं केलं, कारण ऊन चढायला लागलं होतं आणि एकशे आठ सूर्यनमस्कार व्हायचे होते.